स्वस्तातलं इंजेक्शन

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची कधी ददात पडत नाही : दुरुस्त्या आणि सल्ले. दुरुस्त्यांना पैसे पडतात. सल्ले फुकट मिळतात, पण शेवटी तेच महागात जातात.

आमच्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णा गेले, गाडी राहिली. थंडीत सकाळी चोक किती ओढायचा आणि किती आत ढकलायचा, हे फक्त अण्णांनाच साधायचं. माझ्या हातून ती चारदा खोकते आणि गप्प बसते. चिरंजीव म्हणाले, "बाबा, एक तर भंगारात द्या, नाही तर कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवा. वीस हजारांत होतं." अण्णांची गाडी भंगारात! मी तत्काळ इंजेक्शनचा कट्टर पुरस्कर्ता झालो.

कार्ब्युरेटर हा जुन्या काळचा आचारी. चिंचोळ्या नळीतून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल ओढलं जातं. एवढ्या भांडवलावर त्याचा सगळा स्वयंपाक. थंडी पडली, घाट लागला, की मीठ कमीजास्त होणारच. इंजेक्शन म्हणजे तराजू घेऊन बसलेला कंपाउंडर. हवा किती आली, इंजिन किती तापलं, धुरात प्राणवायू किती उरला, ह्याची सतत चौकशी करून तो पेट्रोलची मात्रा ठरवतो. एक भाग पेट्रोलला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा, हे त्याचं प्रमाण. म्हणूनच २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले तसा आपल्या नव्या मोटारींतून आचारी गेला, आणि २०२० साली बीएस-६ आल्यावर दुचाकींतूनही त्याची गच्छंती झाली. तेव्हा श्रेष्ठ कोण, हा वाद नाही. माझी टीका आहे ती 'स्वस्तात' ह्या शब्दावर.

मारुती ८०० पुढे इंजेक्शनची निघाली, त्यामुळे तिचे जुने भाग मिळतात. मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, तीन इंजेक्टर, कॉम्प्युटर, टाकीतला पंप. कुर्ल्याला जाऊन भाव काढले, तर बारा हजारांत बसत होतं. मी खूश. पण ह्या झाल्या नाव असलेल्या वस्तू. खरा खर्च असतो तो बिननावाच्या वस्तूंचा. इथे एक रिले, तिथे चार क्लिपा, सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून सेन्सरसाठी वेल्डिंग, आणि वायरिंगवाल्याची आठ दिवसांची मजुरी. शिवाय जुन्या पंपाचा दाब इंचाला पाचेक पौंड, तर इंजेक्शनचा सुमारे चाळीस. तिथे जुनीच रबरी नळी चालवून घेतली, तर मोटारीचा बंब होतो आणि मग दुसरा बंब बोलवावा लागतो. बेरीज अडतीस हजारांवर गेली.

मग मी पाटी घेऊन बसलो. वर्षाला माझी गाडी तीन हजार किलोमीटर चालते. लिटरला चौदाऐवजी सतरा किलोमीटर गेली, तर अडतीस लिटर वाचतील. शंभर रुपये लिटर धरलं, तर वर्षाला तीन हजार आठशे. म्हणजे दहा वर्षांनी मी फायद्यात येणार. तोवर गाडी अडतिशी ओलांडेल, आणि मी कुठे असेन हे सांगवत नाही!

ज्याला हे करायचंच आहे, त्यानं सुटे भाग वेचत हिंडू नये. इंजेक्शनचीच, अपघातात चेपलेली पण इंजिन चालू असलेली अख्खी गाडी घ्यावी. एकीचा कॉम्प्युटर आणि दुसरीचं वायरिंग म्हणजे पत्रिका न बघता लावलेलं लग्न. कार्ब्युरेटर निदान खोकून सांगतो; ही मंडळी अबोला धरतात. आणि आधी आरटीओत विचारून घ्यावं, कारण परस्पर केलेल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची नजर असते.

तरीही मी गाडी मिस्त्रीकडे नेलीच. तो म्हणाला, "काका, इंजेक्शनच्या पंपाला गंज चालत नाय. आधी टाकी उतरवून धुऊ." टाकीतून ओंजळभर तांबडा चिखल निघाला. तोच चिखल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकलेला. एक व्हॅक्यूमची नळी चिरून फुकटची हवा ओढत होती. प्लग तर अण्णांच्या वेळचे! टाकी धुतली, जेट फुंकला, नळी आणि प्लग बदलले. बिल झालं अठराशे रुपये.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा चोक ओढला, किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. अण्णांच्या हाताची जादू म्हणून इतकी वर्षं मी ज्याच्यापुढे हात टेकले होते, तो टाकीतला गंज होता. थोडं बरं वाटलं, थोडं वाईट.

चिरंजीवांनी विचारलं, "मग इंजेक्शन कधी?"

मी म्हटलं, "बाळा, आमच्या लहानपणी आधी एरंडेल पाजायचे. निम्म्या पोरांना इंजेक्शन लागतच नसे."