दहाव्या ओळीचा प्रश्न

२२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, अनेक शाळांच्या भिंतीवर एक तक्ता दिसतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, आणि नवव्या, शेवटच्या ओळीत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग : १२३४५६७८९८७६५४३२१. वर मथळा असतो, ‘गणिताचा चमत्कार’. तक्ता बरोबर आहे. आक्षेप आहे तो या मथळ्याला आणि नवव्या ओळीवर थांबण्याला.

मूल (जि. चंद्रपूर) येथे असाच तक्ता पाहताना एका मुलीने विचारले, “दहा एक घेतले तर?” तक्त्याकडे उत्तर नव्हते. आठ आकडी गणकयंत्रही इथे कामाचे नाही. म्हणून आम्ही चौकटीची वही घेतली.

आधी नऊ एकांचा गुणाकार मांडला. १११११११११ ही ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ. पुढे पुन्हा एकेक कमी. बेरीज कुठेच ९ च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. ‘चमत्कार’ तो एवढाच.

या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि तिला ८१ ने निःशेष भाग जातो. कारण १११११११११ म्हणजे ९ × १२३४५६७९. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. पण १२१ च्या अंकांची बेरीज ४, आणि ४ ने भाग जात नाही. तक्त्यातल्या नऊ ओळींपैकी पहिली, तिसरी आणि नववी एवढ्याच हर्षद आहेत. हे तक्ता सांगत नाही.

आता दहा एक. मधल्या स्तंभाची बेरीज १०. शून्य मांडून हातचा १. डावीकडचे ९ त्यामुळे १० होतात, पुन्हा हातचा. त्यापुढचे ८ झाले ९. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गेला कुठे, ते मुलांना आपोआप कळते. अंकांची बेरीज १०० ऐवजी ८२ येते. एका हातच्यात दहा जाऊन एक मिळतो, म्हणजे नऊ घटतात. दोन हातच्यांचे अठरा. ८२ सम, संख्या विषम. म्हणजे ही हर्षद नाही.

नमुना मोडला तिथे हातचा, स्थानिक किंमत आणि विभाज्यता एकदम शिकवता आली. कापरेकर १९६२ पर्यंत शाळेत शिकवत होते. सुंदर नमुना दिसला की तो का घडतो आणि कुठवर टिकतो हे तपासणे, हा त्यांच्यासारख्या संख्याप्रेमींचा खरा वारसा. ‘चमत्कार’ म्हटले की मुलांचा ‘का?’ तिथेच विरतो.

पुढच्या वेळी तक्त्यावर दहावी ओळ लिहू या, उत्तराची जागा मोकळी ठेवून.