पॅरामॅटाला ऐकलेली आपली चाल



आम्ही उभयता लेकीकडे सिडनीला गेलो असताना पॅरामॅटाला वृंदगानाचा एक कार्यक्रम ऐकण्याचा योग आला. पॅरामॅटा हे सिडनीच्या मध्यापासून सुमारे २४ किलोमीटर पश्चिमेला, नदीकाठी वसलेले शहर. इंग्रजांनी १७८८ साली तेथे वसाहत केली, पण नाव राहिले ते मूळच्या दारुग लोकांच्या भाषेतले. जवळच्या हॅरिस पार्कात भारतीय दुकाने एवढी आहेत की मलिद्याचे पोहे आणि नारळ पायी फिरून आणता येतात.

त्या संध्याकाळी इस्रायलहून दौऱ्यावर आलेला तरुण मुलामुलींचा वृंद आणि तेथील यजमान वृंद असे दोघे गाणार होते. दोन्हींची नावे आम्ही मुद्दाम देत नाही. मुलांनी मेहनत चोख केली होती; सूर स्वच्छ, उच्चार स्पष्ट. आमची तक्रार मुलांबद्दल नाही.

पाहुण्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत येमेनी आणि लादिनो गाण्यांनंतर 'भारतीय लोकगीत' एवढेच छापले होते. पहिले सूर निघाले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. ते आपले एलियाहू हन्नाबी होते! शब्द हिब्रू, जगभरचे यहुदी शाब्बाथ संपताना म्हणतात तेच. चाल मात्र आपल्या घरातली, मलिद्याच्या ताटासमोर म्हणतात ती.

चाल ओळखीची, पण तिला बसायला जागा नव्हती. आपली चाल एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, ओळ संपली की सगळे मिळून पुढची उचलतात. येथे चार आवाज चार वेळांना सुरू होत होते, त्यामुळे शब्द एकमेकांत बुडाले. लय दुप्पट केलेली, मध्येच तोंडाने काढलेले तबल्याचे बोल. टाळ्या भरपूर पडल्या. पण नवस फेडताना म्हणायचे गाणे वरातीचे झाले, हे आम्हाला खटकले.

आपले गाणे चार आवाजांत बसतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. मुंबईच्या वाचकांना परांज्योती अकादमी कोरस आठवत असेल. व्हिक्टर परांज्योतींच्या पश्चात कुमी वाडियाबाईंनी तो वृंद सांभाळला आणि आपल्याकडची गाणी परदेशातही ऐकवली. दुसऱ्याचा साचा घेणे आपल्यालाही नवे नाही. १८८० च्या सुमारास आपल्या पूर्वजांनी कीर्तनाचा साचा घेतला आणि त्यात पवित्र शास्त्रातल्या कथा मराठीत सांगितल्या. पण साचा घेताना त्यांनी अर्थ सोडला नाही. ऐकणाऱ्या आजीबाईलाही कथा कळत होती.

उत्तरार्धात यजमान वृंदाने तेथील आदिवासींच्या एका भाषेतले गाणे घेतले. आधी एका मुलीने पुढे येऊन ती भाषा कोणाची, गाण्यात काय म्हटले आहे आणि ते कोणाकडून शिकलो, एवढे सांगितले. दोन मिनिटेही लागली नसतील. नंतर गाणे ऐकताना आम्हाला एक शब्द कळत नव्हता, तरी आम्ही परके वाटलो नाही.

शेवटी दोन्ही वृंद एकत्र उभे राहिले आणि तीच आपली चाल पुन्हा घेतली. यजमानांना एकत्र तालमीला वेळ मिळाला नसावा. त्यांनी तंबोऱ्यासारखा एकच खालचा सूर धरून ठेवला आणि पाहुण्या मुलांनी चाल साधी, एका आवाजात म्हटली. धृपदाला यजमान मुले आपल्या इंग्रजी उच्चारांत सामील झाली. कार्यक्रमातले सर्वांत कमी नटवलेले गाणे तेच, आणि सर्वांत चांगलेही तेच. आम्ही बसल्या जागी गुणगुणत होतो. शेजारच्या बाईंनी हसून पाहिले, पण आम्ही थांबलो नाही.

कार्यक्रमानंतर आम्ही संचालिकाबाईंना भेटलो. पत्रिकेत बेने इस्रायलचे नाव का नाही, असे जरा तावातावानेच विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की त्यांना मिळालेल्या रेकॉर्डिंगवर तेवढेच लिहिले होते. त्यांनी मोबाईलवर ते ऐकवले. कोणाच्या तरी लग्नातला मलिदा; मागे भांड्यांचा आवाज आणि "अगं, खजूर कुठे ठेवलेस?" असे अस्सल मराठी. रेकॉर्डिंग आपल्याच माणसांचे होते. नाव आपणच लिहिले नव्हते.

तेव्हा संचालिकाबाईंना दोष देण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे. नातवंडांना मराठी येत नाही, म्हणून आपण ती गाणी त्यांच्यासमोर म्हणायचेच सोडले आहे. ती मुले मात्र लादिनो शिकतात, ऑस्ट्रेलियातल्या मुलांना आपली चाल शिकवतात. त्यांना सांगणारे कोणी नाही, एवढेच.

वाचकांना आमची विनंती आहे. येत्या मलिद्याला नातवाकडून चाल मोबाईलवर भरून घ्या. आधी आपल्या तोंडाने सांगा, हे बेने इस्रायलचे गाणे. मी हे अमुक गावी, माझ्या आईकडून शिकले. ते अमुक वेळी म्हणतात. मग गा. आवाज थरथरला तरी चालेल. चार आवाज बसवणारे पुष्कळ आहेत. पहिला आवाज मात्र आपल्यालाच द्यावा लागेल.