दुसऱ्याच्या दारावर आपली पाटी

बुकित बातोकला राहायला आल्यापासून # या खुणेकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. सिंगापूरमध्ये घराच्या पत्त्यात ती असतेच. ब्लॉकचा नंबर, रस्ता, मग #०८ आणि पुढे डॅश देऊन घराचा नंबर: म्हणजे आठवा मजला, अमुक दार. मागच्या महिन्यात ऑनलाइन ऑर्डर देताना मी आठच्या जागी नऊ टाइप केलं आणि माझं पार्सल वरच्या मजल्यावरच्या आंटींकडे गेलं. त्यांनी पाकिटावरच्या नंबरवर फोन करून मला बोलावून घेतलं. आत थालीपीठाची भाजणी होती. हे काय असतं, ते त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. मजा आली, पण भाजणी त्यांच्यासाठी नव्हती.

त्याच आठवड्यात आमच्या पॉडकास्टच्या मीटिंगमध्ये नेहमीचा विषय निघाला: पोहोच. एपिसोड बरे होतात, ऐकणारे फारसे वाढत नाहीत. मग टॅग वाढवू या, असं ठरत आलं. पोस्टखाली वीस-पंचवीस टॅग लावायचे, आणि त्यात एक 'हिंदी'सुद्धा. "देवनागरीच तर आहे, अल्गोरिदमला काय कळतंय?" सगळे हसले, मीही हसले. घरी येताना ट्रेनमध्ये मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. हा लेख त्या वाक्याशी भांडण आहे.

आधी थोडा इतिहास. २३ ऑगस्ट २००७ ला क्रिस मेसिना याने ट्विटरवर विचारलं की गटांसाठी # ही खूण वापरली तर कसं वाटेल? ही कल्पना त्याला आयआरसी या जुन्या चॅटपद्धतीवरून सुचली. तिथे प्रत्येक खोलीच्या नावाआधी # असायचा. त्या नावाने आत गेलात की त्या विषयावर बोलणारी माणसं भेटायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन दिएगोच्या परिसरात वणवे पेटले आणि लोकांनी एकच टॅग धरून बातम्या दिल्या, घेतल्या. तो टॅग चालला, कारण लोक आधीच माहिती शोधत होते आणि सगळ्यांनी एकच दार वापरलं.

म्हणजे मुळात टॅग हा भोंगा नव्हता, पत्ता होता. 'टॅग लावा, पोहोच वाढवा' या सल्ल्याने पत्त्याचा भोंगा केला. मग एका पोस्टला पंचवीस टॅग लावायचे, म्हणजे एकाच पार्सलवर पंचवीस पत्ते लिहायचे, कुठे तरी पोहोचेलच या आशेने.

मराठीत टॅग पत्त्यासारखा वापरल्याचं एक चांगलं उदाहरण आहे. २०१६ च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवडला ८९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच सुमारास ट्विटरवरही मराठी लिहिणाऱ्यांनी #ट्विटरसंमेलन भरवलं. आत #माझीकविता सारखे विषयवार टॅग होते. मांडव नाही, अध्यक्षीय भाषण नाही. टॅग आधी ठरले, सगळ्यांना सांगितले गेले, आणि लोक त्या त्या दाराने आत आले. त्या टॅगांनी अनोळखी जगाला ओढून आणायचं नव्हतं. विखुरलेल्या मराठी माणसांना एकमेकांचं लिहिलेलं सापडावं, एवढंच त्यांचं काम होतं. आपण जे परदेशात राहतो, त्यांना तर नेमकं हेच हवं असतं ना?

आता उलट उदाहरण. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, फोन उघडा. #मराठीभाषागौरवदिन, #मराठी_भाषा_गौरव_दिन, #मराठीभाषादिन, #मराठीदिन. शिवाय #मराठीराजभाषादिन, जो खरं तर १ मेचा. एक दिवस, एक भावना, पाच दारं. प्रत्येक दारामागे थोडी थोडी माणसं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण कमीच आहोत.

हा निव्वळ बेशिस्तपणा नाही. टॅग नावाची वस्तू मराठीच्या मापाने शिवलेलीच नाही. माझं काम भाषा आणि संगणक यांच्यामधलं आहे, म्हणून यातली एक फजिती माझीच सांगते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पोस्टमधून टॅग वेचणारा छोटा प्रोग्राम लिहिला. नियम सोपा: #, आणि त्यापुढे सलग येणारी अक्षरं. पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये 'अक्षर' म्हणून जे धरलं जातं, त्यात आपल्या काना, मात्रा, वेलांट्या बसत नाहीत. त्यामुळे #मराठी मधले म आणि र आत आले, पुढे काना दिसताच प्रोग्राम थांबला. माझ्या तक्त्यात सगळ्यात वर झळकला #मर. माझ्या गाईडना मराठी येत नव्हतं, हे माझं नशीब.

मोठ्या कंपन्यांनी ही चूक केव्हाच सुधारली आहे. पण खाली आणखी थर आहेत. 'ॲप' लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकात अ वर चंद्र वेगळा चढवलेला असतो, दुसऱ्यात ॲ हे एकच अक्षर असतं, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक आकार बघत नाही, क्रमांक बघतो, आणि क्रमांक वेगळे आहेत. युनिकोडचे सर्वसाधारण एकरूपीकरणाचे नियमही या दोघांना एक मानत नाहीत. तीच गत 'शेतकऱ्यांचा' मधल्या त्या अर्ध्या र ची. कुणाचा कीबोर्ड तो ऱ पासून बनवतो, कुणाचा र ला हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडखूण लावून. प्लॅटफॉर्मने मुद्दाम काळजी घेतली नसेल, तर #शेतकऱ्यांचा_आवाज हे दिसायला एक आणि आतून दोन टॅग होतात. आपल्याला वाटतं आपला आवाज एकत्र जमतोय, आणि तो दोन खोल्यांत वाटला गेलेला असतो.

आणि मग व्याकरण. टॅगला शब्द मूळ रूपात हवा असतो. मराठी शब्द वाक्यात आला की बदलतो. पुणे पण पुण्यात, शेतकरी पण शेतकऱ्याला, सिंगापूर पण सिंगापुरात. आता 'आम्ही #पुणे मध्ये भेटलो' असं लिहायचं, की 'पुण्यात' लिहून टॅग सोडायचा? इंग्रजीत हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. तिथे आधी 'इन' लावलं की शहराचं नाव जसंच्या तसं राहतं. आपल्याकडे टॅग वाक्यात ओवला की विभक्ती बाहेर लटकते. मी आमच्याच जुन्या पोस्टी वाचून पाहिल्या. '#मराठी चा', '#संशोधन मध्ये', '#भाषा ला'. असं आपण बोलताना कधी म्हणतो का? दिसण्यासाठी आपण आपलंच वाक्य मोडत होतो, तेही भाषेवरच्या पॉडकास्टच्या जाहिरातीत.

आता त्या 'हिंदी' टॅगकडे येते, कारण तो मला सगळ्यात जास्त टोचला.

सिंगापूरच्या शाळांमध्ये मातृभाषा हा विषय असतो. तमिळ ही अधिकृत भाषांपैकी एक. तमिळ नसलेल्या भारतीय कुटुंबांतल्या मुलांसाठी हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या पाच भाषांची सोय आहे. त्या यादीत मराठी नाही. त्यामुळे इथली कितीतरी मराठी मुलं 'मातृभाषा' म्हणून हिंदी शिकतात. लिपी जवळपास तीच, आजी-आजोबांशी फोनवर थोडा उपयोगही होतो. कुणी जबरदस्ती करत नाही. फक्त यादीत आपला रकाना नाही, म्हणून शेजारचा रकाना भरायचा. महाराष्ट्र मंडळ आहे, त्याचं 'ऋतुगंध' निघतं, घरात मराठी बोलली जाते. पण कागदावर ते मूल हिंदीचं. आम्ही आमच्या मराठी एपिसोडला 'हिंदी' टॅग लावणार होतो, ते याहून वेगळं काय होतं? इथे तर आमच्यासमोर रकाना मोकळा होता, आणि तरीही आम्ही शेजारचाच भरायला निघालो होतो.

उसन्या पाटीने फायदा होतो, हे मला मान्य आहे. माझ्या घरापासून थोड्या अंतरावर, बुकित गोंबाक स्टेशनजवळ, दगडाची एक जुनी बंद पडलेली खाण आहे. खड्ड्यात पाणी साठलं, मध्ये कातळ उभा राहिला. कागदावर तिचं नाव बुकित बातोक टाउन पार्क. पण लोक तिला 'लिटल ग्वेइलिन' म्हणतात, चीनमधल्या त्या प्रसिद्ध चुनखडीच्या डोंगरांवरून. फोटो टाकतानाही तोच टॅग. त्या नावामुळे माणसं येतात. पण आलेला माणूस फोटो काढतो, 'खरंच ग्वेइलिनसारखं दिसतं' म्हणतो आणि जातो. ही खाण होती, इथे दगड फोडला जायचा, हे कुणी विचारत नाही. उसन्या पाटीने माणूस दारापर्यंत येतो, पण बघतो ते पाटीवरचं.

आपल्या परंपरेतही हे घडलंय. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. नामदेवांच्या मुद्रेने नंतरच्या काळातल्या इतर कवींनीही रचना केल्या, विष्णुदास नामा हे त्यातलं ठळक नाव. कोणता अभंग कोणत्या नाम्याचा, हा अभ्यासकांना आजही सोडवावा लागणारा गुंता आहे. त्या मुद्रेमुळे अभंग कीर्तनात आले, टिकले. हा माझ्या म्हणण्याला मिळणारा सगळ्यात भक्कम विरोध आहे आणि तो मी टाळत नाही. पण दोन फरक दिसतात. एक, ती मुद्रा भक्तीच्या एकाच घराण्यातली होती. ऐकणारा ज्यासाठी आला होता, तेच त्याला मिळत होतं. दुसरं, किंमत तिथेही मोजावी लागलीच. अभंग राहिले, आणि कितीतरी लिहिणाऱ्यांची नावं त्या एका नावात विरघळली.

शिवाय ज्या फायद्यासाठी हे करायचं, तोही आटत चाललाय. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी अनेकदा सांगितलंय की हॅशटॅगने पोहोच फारशी वाढत नाही. हॅशटॅग फॉलो करायची सोय इन्स्टाग्रामने २०२४ च्या अखेरीस काढून टाकली. थ्रेड्सवर एका पोस्टला एकच विषय लावता येतो, त्यात # दिसत नाही आणि शब्दांमध्ये जागा सोडता येते. म्हणजे गाडी पुन्हा 'हे नेमकं कशाबद्दल आहे ते सांगा' इथेच आली. पोस्टमधला मजकूरही शोधला जातोच. मग आपलं धड, न मोडलेलं मराठी वाक्य हाच आपला पत्ता होऊ शकतो. पंचवीस टॅग लिहायला लागणारा वेळ एपिसोडबद्दल चार नीट ओळी लिहायला का देऊ नये?

पुढच्या मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मांडणार आहे. वाक्य मराठीत पूर्ण लिहू, विभक्तीसकट, आणि टॅग त्याच्या बाहेर, शेवटी ठेवू. टॅग एक किंवा दोन. त्यांचं लेखन एकदा ठरवू आणि प्रत्येकाने टाइप न करता तेच कॉपी करायचं, म्हणजे ॲ आणि ऱ्य चा घोळ होणार नाही. आणि 'हिंदी' नाही. हिंदीशी माझं वैर नाही. हिंदीत एपिसोड केला तर तो टॅग अभिमानाने लावू. पण हिंदी शोधत आलेल्या माणसाला न सांगता मराठी वाढणं म्हणजे वरच्या आंटींच्या दारात भाजणी टाकून येणं. त्या भल्या होत्या म्हणून त्यांनी फोन केला. फोनवरचा माणूस फक्त अंगठा वर सरकवतो.

ऐकणारे कमी राहतील, ही भीती खरी आहे आणि माझ्याकडे तिच्यावर औषध नाही. मीटिंगमध्ये मी हरेनही कदाचित. पण कुणी तरी डब्लिनमध्ये किंवा ऑस्टिनमध्ये रात्री फोनवर 'मराठी' एवढंच टाइप करेल, तेव्हा तिला आपण सापडायला हवं. ती आपल्याला शोधत असताना आपण शेजारच्या दारात उभे असू, तर आपली चुकामूक होईल, आणि ती झाल्याचं दोघांनाही कधी कळणार नाही.