अहवालातले समाधान

आमच्या महाविद्यालयात मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी एका संस्थेने इंग्रजी-गणिताचा तीन महिन्यांचा जादा वर्ग चालविला. शेवटच्या दिवशी प्रश्नावली वाटली गेली. तिच्या आधारे सिद्ध झालेला अहवाल परवा माझ्या हाती आला. बहुतेक सर्वांनी 'अत्यंत समाधानी' या चौकटीत खूण केली आहे, सबब उपक्रम यशस्वी, असा त्याचा निष्कर्ष आहे. मी तो नाकारतो. शिकविणाऱ्या तरुणांवर माझा राग नाही. ते मनापासून शिकवीत होते. प्रश्न पुराव्याचा आहे.

प्रश्नावलीच्या पहिल्याच ओळीत नाव लिहायचे होते. कागद गोळा करणारे तेच, ज्यांच्या शिफारशीवर पुढच्या वर्षीची मदत अवलंबून. ज्याच्या आजाला जोहार घालण्याखेरीज तोंड उघडता येत नव्हते, त्या मुलाने अशा कागदावर दुसरे काय लिहावे? याला समाधान म्हणत नाहीत, सावधगिरी म्हणतात. अहवाल लिहिणाऱ्याला हा फरक कळत नसेल, तर त्याला आमचा समाज कळलेला नाही.

वर्गाच्या आरंभी आणि अखेरीस 'तुम्हाला इंग्रजी किती येते?' असे विचारून पाचपैकी गुण द्यायला सांगितले होते. एका मुलीने आधी ४ दिले, नंतर ३. अहवालाच्या हिशेबी ती घसरली. मी तिला विचारले. ती म्हणाली, "सर, आधी किती येत नाही तेच माहीत नव्हतं." मधल्या काळात तिची मोजपट्टीच बदलली होती, आणि ती बदलली हेच तिचे शिकणे. म्हणून जाणती माणसे अखेरीस 'आज मागे वळून पाहता तेव्हा किती येत होते?' हेही विचारतात, आणि उत्तराशेजारी मुलाकडून लिहवून घेतलेला उतारा ठेवतात. इथे यातले काहीच केले नाही.

दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुले शेवटच्या दिवशी हजर नव्हती. म्हणून ती अहवालातही नाहीत.

इथे जोतीराव फुले आठवतात. १८५४ च्या शैक्षणिक खलित्याची अंमलबजावणी कशी झाली हे तपासायला सरकारने १८८२ साली हंटर आयोग नेमला. त्याने साक्षी घेतल्या, निवेदने स्वीकारली. एका अर्थी ती शिक्षणाची पाहणीच होती. १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात जोतीराव शाळेत बसलेल्यांच्या प्रगतीवर थांबले नाहीत. तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर जातो, हे त्यांनी मांडले. महार-मांगांच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, त्यामुळे ती शाळेबाहेरच राहतात, हेही सांगितले. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. जे शाळेत नव्हते त्यांचा हिशेब त्यांनी आयोगाकडे मागितला.

आमच्या प्रश्नावलीत जातीचा रकाना होता. पण वर्गात कोण कुणाशेजारी बसले, कुणाच्या उच्चारांना कोण हसले, हे विचारणारी एकही ओळ नव्हती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत सुखदेव थोरात समितीने अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांचे वागणे, परीक्षा, वसतिगृह यांविषयी सरळ विचारले, तेव्हा २००७ च्या अहवालात भेदभावाची उत्तरे आलीच.

पुढच्या वर्षीच्या प्रश्नावलीचा मसुदा सूचनांसाठी माझ्याकडे आला आहे. नावाची ओळ मी खोडली. बसण्याची जागा आणि शिक्षकाची भाषा यांवर दोन प्रश्न वाढविले. वर्ग सोडून गेलेल्यांच्या घरी जाऊन विचारावे, असे समासात लिहिले. खोडलेली ओळ पुन्हा छापून येते का, ते जूनमध्ये कळेल.