‘रोगमुक्त अंडीपुंज’ : एका संज्ञेची चिकित्सा

परिभाषेचे मूल्यमापन करताना संज्ञा व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. ज्याच्या हाती ती पडते त्याला ती काय सांगते, हेही पाहावे लागते. रेशीमकीटक-संगोपनावरील मराठी लेखनात रूढ झालेली ‘रोगमुक्त अंडीपुंज’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. जालना जिल्ह्यात तर हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. जालना येथील कृषी उत्पन्न बाजार समितीत २०१८ साली रेशीमकोषांची बाजारपेठ सुरू झाली. तेथे कोष आणणाऱ्या शेतकऱ्याचे सारे गणित या दोन शब्दांपासूनच सुरू होते.

यांपैकी ‘अंडीपुंज’ हा शब्द निर्दोष होय. एका मादीने घातलेली सर्व अंडी, साधारणतः चारशे ते पाचशे, असा त्याचा अर्थ. आणि तपासणीचे एककही तेच. पेब्रीन रोगाचे बीजाणू मातेकडून अंड्यात उतरतात. म्हणून अंडी घातल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी व ती दूषित आढळल्यास तिचा पुंज नष्ट करावा, ही पद्धत लुई पाश्चरने १८६५ नंतरच्या संशोधनात घालून दिली. शब्द आणि प्रक्रिया यांचा असा मेळ परिभाषेत क्वचितच आढळतो.

दोष आहे तो ‘रोगमुक्त’ या विशेषणात. तपासणी पेब्रीनची, ग्वाही मात्र सर्व रोगांची. ग्रासेरी, फ्लॅचरी व मस्कार्डिन हे रोग प्रामुख्याने दूषित पाला, अस्वच्छ संगोपनगृह व प्रतिकूल हवामान यांमुळे बळावतात. निरोगी पुंजातून निघालेल्या अळीला पेब्रीनदेखील दूषित पाल्यावाटे पुढे जडू शकतो. बाल्यावस्थेतील अळीस सुमारे २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमान व ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते. अशा ठिकाणी ‘रोगमुक्त’ या शब्दावर विसंबून निर्जंतुकीकरणात कसूर झाली, तर चार काती टाकून पाचव्या अवस्थेत पोचलेली अळी कोष बांधण्यापूर्वीच मरते. तोवर बहुतेक पाला खर्ची पडलेला असतो.

ही संज्ञा मान्य इंग्रजी संज्ञेचेच भाषांतर आहे, असा बचाव केला जाईल. परंतु भाषांतराने मूळचा दोष नाहीसा होत नाही. तो केवळ अधिक लोकांपर्यंत पोचतो. रोगांचे विवेचन पुढील प्रकरणात असतेच, हे म्हणणेही अपुरे आहे. कारण पुंज खरेदी करताना डोळ्यांसमोर प्रकरण नसते, शब्द असतो.

‘पेब्रीनमुक्त अंडीपुंज’ ही संज्ञा कानाला तितकी आश्वासक वाटणार नाही, हे खरे. तथापि तिच्यात तपासणीने जेवढे सिद्ध होते तेवढेच सांगितले जाते, आणि उरलेली जबाबदारी कोणाची हे झाकले जात नाही. शास्त्रीय परिभाषेकडून याहून अधिक अपेक्षा नाही. याहून कमीही असू नये.