चित्रात निर्णय दिसतो का?

दिवेलागणीच्या वेळी रस्त्याने दुरून कुणी येताना दिसते. ओळखीचे आहे की नाही, ते लगेच कळत नाही. आधी चाल दिसते, मग खांद्यावरची पिशवी, आणि एकाएकी आपण म्हणतो, "अरे, हे तर आपले शिंदे सर!" भर दुपार असती तर हेच क्षणात कळले असते. डोळ्यांनी पुरवलेल्या अर्धवट माहितीवरून 'हे की ते' ठरवणे याला संवेदनाधारित निर्णय म्हणतात. असा निर्णय होताना मेंदूत काय घडते, ते चित्रण-यंत्रातून पाहण्याच्या प्रयत्नांपैकी एका गाजलेल्या प्रयोगाची आम्ही येथे चिकित्सा करणार आहोत. प्रयोग चांगला आहे म्हणूनच ती करायची. वाईट प्रयोगाच्या चिकित्सेतून हाती फारसे लागत नाही.

हीकेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००४ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. एमआरआय यंत्रात पडून राहिलेल्या माणसांना चेहऱ्यांची आणि घरांची चित्रे दाखवली. काही चित्रे स्वच्छ, तर काही इतकी धूसर केलेली की चेहरा की घर हे ओळखणे कठीण व्हावे. ओळखले की बटण दाबायचे.

या प्रयोगामागची कल्पना माकडांवरच्या कामातून आली होती. न्यूसम, शॅडलेन आदी संशोधकांनी १९९०च्या दशकात माकडांना पडद्यावर सैरावैरा हलणारे ठिपके दाखवले. त्यांतले काही ठिपके एकाच दिशेने जात. ती दिशा माकडाने नजर वळवून सांगायची. मेंदूच्या एका भागातील चेतापेशी ठिपक्यांची दिशा टिपत. दुसऱ्या भागातील पेशींचे स्पंदन हळूहळू चढत जाई. दिशा स्पष्ट असेल तर ते झपाट्याने चढे, अस्पष्ट असेल तर रेंगाळत. ठरावीक उंची गाठली की माकड नजर वळवी. जणू पुरावा थेंबथेंब साठतो आणि भांडे भरले की निर्णय होतो.

माणसाच्या मेंदूत हे भांडे कुठे आहे, हा हीकेरेन यांचा प्रश्न होता. चेहरा पाहताना अधिक सक्रिय होणारा भाग आणि घर पाहताना अधिक सक्रिय होणारा भाग हे दोन्ही आधीच ठाऊक होते. डाव्या कपाळामागे, जरा वरच्या बाजूला, त्यांना एक जागा सापडली. चित्र स्वच्छ असताना तिथला संकेत वाढे, आणि 'चेहरा-भाग' व 'घर-भाग' यांच्या संकेतांतील फरकाबरोबर तो कमीजास्त होई. दोन पुराव्यांची वजाबाकी करणारी जागा! निष्कर्ष मोहक आहे, यात शंका नाही.

आता यंत्राकडे पाहू. हे यंत्र चेतापेशींचे स्पंदन मोजत नाही. पेशी कामाला लागल्या की तिकडे रक्त जास्त जाते आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते, ते हे यंत्र मोजते. (ओगावा यांनी १९९० साली ही वाट दाखवली.) निर्णय सेकंदभरात होतो, रक्ताचा संकेत शिखरावर पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. चित्रातल्या एका ठिपक्यात लाखो पेशी सामावलेल्या असतात. शिक्षकांच्या खोलीत सभा झाली आणि आपल्याला फक्त मागाहून किती कप चहा गेला ते कळले, असा हा प्रकार आहे. चहा जास्त गेला तो चर्चा जोरदार झाली म्हणून, की ती लांबली म्हणून?

आमचा मुख्य आक्षेप इथेच आहे. माकडाच्या पेशीचे स्पंदन सोप्या चित्राला झपाट्याने चढते, तेव्हा सोप्या चित्राला संकेत मोठा यावा, असे हीकेरेन यांनी गृहीत धरले. पण कठीण चित्राला भांडे भरायला वेळ लागतो; तेवढा वेळ पेशी काम करत राहतात, आणि सुस्त यंत्र त्या सगळ्याची बेरीज करते. मग संकेत कठीण चित्राला मोठा यायला नको का? हो, ब्राउन आणि सेरेन्सेस यांनी २००९ साली नेमके हेच गृहीत धरून शोध घेतला आणि त्यांचे बोट मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका वेगळ्याच भागाकडे गेले. उपपत्ती तीच, यंत्रही त्याच जातीचे. भाकिते मात्र उलटी, आणि जागा दोन. एखादी जागा 'निर्णयाची' आहे हे चित्राने सांगितले नाही. चित्र कसे वाचायचे याविषयीच्या आपल्या गृहीतकाने सांगितले. हीकेरेन यांची जागा सोप्या कामात जास्त सक्रिय होत नसून कठीण कामात जास्त दबली जात असेल, असाही एक आक्षेप आहे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०११ साली फिलियास्टिडेस, हीकेरेन आदींनी चुंबकीय स्पंदांनी डाव्या कपाळामागच्या त्या भागाच्या कामात व्यत्यय आणला, तेव्हा लोकांच्या निर्णयांची अचूकता घटली. हा पुरावा चित्रापेक्षा वजनदार आहे. पण माकडांकडे परत जावे तर तिथेही पेच आहे. २०१६ साली कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी त्या 'चढत जाणाऱ्या' पेशींचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तरी माकडांचे निर्णय जवळपास पूर्वीसारखेच राहिले. दिशा टिपणारा भाग बंद केला तेव्हा मात्र ते बिघडले. २०१९ मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात पहिला भाग बंद केल्याचाही परिणाम दिसला. वाद मिटलेला नाही.

आम्ही हे एवढ्या विस्ताराने लिहितो आहोत, कारण 'मेंदूचा अमुक भाग निर्णय घेतो, तो असा विकसित करा' असे सांगणारे रंगीत तक्ते प्रशिक्षणवर्गांत वाटले जाताना आम्ही पाहिले आहेत. ते घरी आणून त्यांवरून एखाद्या मुलाला 'हा निर्णयात कच्चा' ठरवणे अगदी सोपे असते.

त्यापेक्षा वर्गात एक प्रयोग करून पाहा. जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूंपासून चोवीस-चोवीस कार्डांचे दोन संच करा. प्रत्येक कार्डावर डावा-उजवा असे दोन चौकोन आखून त्यांत ठिपके काढा. पहिल्या संचात एका चौकोनात २० आणि दुसऱ्यात १०. दुसऱ्या संचात २० आणि १८. जास्त ठिपके कोणत्या बाजूला, ते न मोजता ठरवून मुलाने कार्डांच्या दोन गड्ड्या लावायच्या. घड्याळ लावा, चुका मोजा. मग चोवीस कोरी कार्डे नुसती आलटून पालटून दोन गड्ड्यांत टाकायला सांगा आणि हा वेळ आधीच्या वेळातून वजा करा. उरेल तो निर्णयाचा वेळ. डच शरीरशास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी १८६८ साली वापरलेली वजाबाकी ती हीच, आणि मेंदूच्या चित्रांतही बहुधा तीच असते.

दुसऱ्या संचाला वेळ जास्त लागेल आणि चुकाही जास्त होतील. मात्र एखादी मुलगी विचारील, "सर, पण विचार करताना हात तेवढ्याच वेगाने चालला कशावरून?" डॉन्डर्स यांच्या पद्धतीवर पुढच्या पिढीतल्या संशोधकांनी घेतलेला आक्षेप नेमका हाच होता.