मासेमारीचे वाङ्मय आणि एक उपेक्षित मासा

गळाने मासे धरण्याच्या छंदावर इंग्रजीत जितके ग्रंथ झाले आहेत, तितके दुसऱ्या एखाद्या करमणुकीवर क्वचितच झाले असतील. आयझॅक वॉल्टनचा ‘द कंप्लीट अँग्लर’ १६५३ साली निघाला, तेव्हापासून हा ओघ चालूच आहे. परंतु या वाङ्मयात वर्णभेद फार कडक! सामन आणि ट्राउट हे कुलीन. त्यांच्यावर पानेच्या पाने खर्ची पडतात. देवमाशाला मेल्व्हिल भेटला, मार्लिनला हेमिंग्वे भेटला. चिखलात पडून राहणाऱ्या चपट्या फ्लाउंडरला मात्र वॉल्टननेही ईल माशाच्या प्रकरणात जाता जाता उरकून टाकले आहे.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील ‘विंटर फ्लाउंडर’ हा असाच एक उपेक्षित. आमच्या कोकणातील लेप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या चपटेपणाची कल्पना सहज येईल. जन्मतः तो इतर माशांसारखाच उभा पोहतो; पुढे डावा डोळा मस्तकावरून सरकत उजव्या बाजूस येतो आणि मासा डाव्या कुशीवर कायमचा आडवा होतो. न्यू इंग्लंडच्या दक्षिण भागात तो उन्हाळा खोल, थंड पाण्यात काढतो व थंडी पडू लागली की उथळ खाड्यांत शिरून तेथे अंडी घालतो. म्हणून मार्च-एप्रिलच्या बोचऱ्या वाऱ्यात, इतर मासे अजून फिरकलेले नसताना, लहानशी होडी नांगरून बसणाऱ्या सामान्य माणसाला तोच पहिला भेटे. साहित्यही बेताचे: तोंड चिमुकले म्हणून लांब दांड्याचा लहान गळ, त्याला समुद्रकिड्याचा तुकडा, आणि एक शिसे. शिसे तळावर हळूच आपटून गाळ उठवावयाचा, जाळीच्या पिशवीत ठेचलेले शिंपले सोडावयाचे, आणि थांबावयाचे. बॉस्टनजवळील क्विन्सीच्या खाडीवर असे रविवार कित्येक पिढ्यांनी घालविले. त्यात पराक्रम नाही, म्हणूनच ग्रंथकारांस त्याचे आकर्षण वाटले नसावे.

या माशाचे उत्तम चित्र आम्हांस सापडले, ते छंदी ग्रंथकाराच्या पुस्तकात नव्हे, तर एका सरकारी प्रकाशनात. ‘फिशेस ऑफ द गल्फ ऑफ मेन’ हा ग्रंथ प्रथम बिगेलो व वेल्श यांच्या नावाने १९२५ साली निघाला. बिगेलो आणि श्रोडर यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती १९५३ साली काढली. बिगेलो हे वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक. ग्रंथ कोशासारखा, पण शैली कोशाची नाही. कोळ्यांच्या तोंडची नावे येथे शास्त्रीय नावांच्या पंक्तीस निःसंकोचपणे बसतात, आणि मासा गाळात अंग पुरून केवळ डोळे बाहेर ठेवतो हे इतक्या साध्या शब्दांत सांगितले आहे की अलंकाराची आठवणही होत नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे स्वच्छ लिहिण्याची सवय आमच्या पुष्कळ ललितलेखकांनीही या शास्त्रज्ञांपासून उचलावी.

तथापि हा ग्रंथ निर्दोष आहे, असे आम्ही म्हणणार नाही. यात मासा आहे, पण माणूस नाही. गारठलेली बोटे, गळाला बसणारा तो जेमतेम जाणवणारा हिसका, संध्याकाळी घरी तव्यावर पडणारा तुकडा, यांपैकी काही येथे येत नाही. छंदी लोकांच्या पुस्तकांत माणूस असतो, पण फुशारकीने इतका फुगलेला की मासा दिसेनासा होतो! दोन्ही एकत्र आणणारे पुस्तक या माशाच्या नशिबी आले नाही.

आणि ही उणीव केवळ रसिकाची तक्रार नव्हे. १९८० नंतर हा मासा झपाट्याने घटला. बॉस्टन बंदरातील फ्लाउंडरांच्या यकृतांत गाठी असल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले. सांडपाण्याची व्यवस्था सुधारल्यावर त्या पुष्कळ कमी झाल्या, पण माशांची पूर्वीची गर्दी परतली नाही. यांत्रिक जाळ्यांचा उपसा मोठा होता. शिवाय हिवाळे उबदार झाल्याने पिल्ले खाणारी कोळंबी लवकर सक्रिय होते, असे अभ्यासक म्हणतात. रक्त गोठू न देणारे प्रथिन अंगात बाळगून बर्फाळ पाण्यात टिकणाऱ्या जिवावर उबेने संकट यावे, हा दैवाचा विलक्षण खेळ होय. २००९ ते २०१३ या काळात दक्षिण न्यू इंग्लंडच्या संघीय समुद्रात हा मासा पकडून ठेवण्यास बंदी होती. सामन नाहीसा होऊ लागला तेव्हा त्याच्यासाठी शोक करणारे वाङ्मय तयार होते. फ्लाउंडरसाठी शोक करावयाचा तर कोणत्या पुस्तकातील शब्द घ्यावेत?

२००२ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत नवी माहिती विपुल आहे; अभ्यासकांनी तीच घ्यावी. पण वाचनाच्या आनंदासाठी आम्ही १९५३ची प्रतच सुचवू. हा मासा खाडीत विपुल होता तेव्हा ती लिहिली गेली, आणि लेखकांना पुढचे काही ठाऊक नव्हते. त्या निश्चिंत वाक्यांवरून आज नजर फिरवताना आम्ही मधूनमधून थांबलो, हे कबूल केले पाहिजे.